चेहऱ्याचा लकवा: पुढं काय राहील हे आधी कळतं का?

खांडेपारकाठ
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय पण नीट सांगितल्याशिवाय कुणी उत्तर तरी काय देणार. माझा मोठा भाऊ, वय सत्तेचाळीस, शुगर आहे पण गोळ्यांवर ठीक असते. चतुर्थीचे गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूनं गळायला लागलं, आरशात बघतो तर तोंड डावीकडं ओढलेलं आणि उजवा डोळा मिटेना. आम्ही घाबरलो, अर्धांगच वाटलं, १०८ ला फोन केला. इस्पितळात डॉक्टरांनी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घाल म्हणून सांगितलं, उजव्या बाजूला एकही आठी पडली नाही तेव्हा ते म्हणाले मेंदूचं नाही हे, चेहऱ्याच्या नसेचं आहे, बेल्स पाल्सी. त्याच दिवशी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईडच्या गोळ्या, सुरू केल्या, शुगर वाढेल म्हणून रोज तपासायला लावली, डोळ्याला ड्रॉप्स आणि रात्री मलम.

आता दसरा होऊन गेला. गोळ्यांचा कोर्स कधीच संपला. उजवी बाजू अजून जराही हलत नाही. शेजारपाजारचे, पाहुणे, सगळे म्हणतात होतं बरं, अमक्याचं पंधरा दिवसांत झालं. पण दादाचं तसं झालं नाही ना, मग त्याच्यासारख्यांचं पुढं काय होतं ते कुणी सांगत नाही. तो गावच्या जत्रेतल्या नाटकात गेली कितीतरी वर्षं काम करतोय, माघात जत्रा आहे, तालमी लवकरच सुरू होतील. हल्ली तो कुणाशी बोलतानाही हात तोंडावर धरतो. कायमचं काही राहणार असेल तर ते आधी कळतं का? कशावरून कळतं? खोटा धीर नको, जे खरं असेल ते सांगा.

सुरंगी
ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या नणंदेला बाळंतपणाच्या आधी, आठव्या महिन्यात झालं होतं. शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंत झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हे जास्त होतं असं डॉक्टर म्हणाले होते. तिचं बरं झालं, जोरात हसली की डोळा थोडा बारीक होतो एवढंच. दादाला खिडकीचं वारं लागलं होतं का? आमच्याकडं कदंबा बसच्या खिडकीत बसून गेलं की असं होतं म्हणतात.

घशातला_डॉक्टर
मी कान नाक घसा शिकतोय, तेव्हा जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो. दादाला तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा.

वाऱ्याचा दोष नाही. सगळ्यात जास्त संशय हर्पिसच्या व्हायरसवर आहे, तो नसेत लपून असतो आणि केव्हातरी उचल खातो. नस सुजते. ही सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका बारीक बोगद्यातून येते, त्यामुळं सुजली की तिला जागाच उरत नाही आणि ती आतल्या आत दाबली जाते.

आता मूळ प्रश्न. कोपनहेगनच्या पायटर्सन नावाच्या डॉक्टरांनी २५ वर्षं असे पेशंट बघितले, त्यातले १७०१ बेल्स पाल्सीचे होते, आणि कुणालाच औषध दिलेलं नव्हतं, म्हणजे हा आजार आपणहून कसा जातो ते त्यात दिसतं. २००२ साली ते छापून आलं. ७१ टक्के लोक अगदी पहिल्यासारखे झाले. १२ टक्क्यांना अगदी किंचित काहीतरी राहिलं, १३ टक्क्यांना त्याहून थोडं जास्त, आणि ४ टक्क्यांना बरंच. पण हे सरसकट आकडे झाले. तुमच्या कामाचा भाग पुढचा आहे: ८५ टक्क्यांना पहिल्या तीन आठवड्यांत कुठंतरी हालचाल दिसायला लागली, आणि उरलेल्या १५ टक्क्यांना ती तीन ते पाच महिन्यांनी दिसली. मधे जवळजवळ कुणीच नाही. चेहऱ्यावर मागं काही राहतं ते मुख्यतः या दुसऱ्या गटात.

तेव्हा खरं विचारलंत म्हणून खरं सांगतो, दादा आता त्या दुसऱ्या गटात आहेत. हालचाल येईल, जवळजवळ सगळ्यांना येते. पण थोडंफार काहीतरी राहण्याची शक्यता बरीच आहे असं धरून चाला.

खांडेपारकाठ
डॉक्टर, स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, देव बरें करूं. पण असं मधे रिकामं का असतं? तीन आठवडे नाहीतर एकदम तीन महिने?

फिजिओ_मडगाव
याचं उत्तर मी देते, माझं रोजचंच काम आहे हे. पहिल्या आठवड्यातच पेशंटला समजावलं तर पुढचा निम्मा त्रास वाचतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

नस दाबली गेली की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तंतू शाबूत असतात पण त्यातून संदेश जायचा थांबतो. सूज उतरली की ते परत चालू. हे तीन आठवड्यांतले लोक. दुसरं, तंतूच मरतो. मग तो दाबला गेला तिथून नव्यानं वाढत चेहऱ्याच्या स्नायूपर्यंत यावा लागतो आणि नसेचा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कानामागच्या हाडातून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर बघा, तीन-चार महिने का लागतात ते आपोआप कळेल. औषध, तेल, शेक, काहीही करा, हा वेग वाढत नाही.

आणि नव्यानं वाढताना घोटाळा होतो. या नसेत हालचालीचे तंतूच सात हजारांच्या आसपास असतात. वादळात खांबावरच्या सगळ्या वायरी तुटल्या आणि अंधारात कुणीतरी अंदाजानं जोडल्या तर कशी एका घरचं बटण दाबल्यावर दुसऱ्या घरचा दिवा लागेल, तसं. ओठाकडं जायचा तंतू डोळ्याच्या स्नायूत शिरतो. माणूस हसायला जातो आणि डोळा मिटतो, डोळा मिटायला जातो आणि ओठाचा कोपरा उडतो. याला सिनकायनेसिस म्हणतात. सुरंगीताईंच्या नणंदेचं तेच, फक्त अगदी सौम्य. काहींना जेवताना त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येतं कारण लाळेच्या ग्रंथीकडं जायचे तंतू अश्रूंच्या ग्रंथीकडं गेलेले असतात. आणि काहींची ती बाजू नंतर लुळी न राहता उलट आवळून येते, गालावरची घडी दुसऱ्या बाजूपेक्षा खोल दिसते, डोळा लहान दिसतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं चांगली बाजूच आजारी आहे, इतका फरक पडतो.

म्हणून मी पेशंटला पहिल्यापासून सांगते, कमजोरी हा सुरुवातीचा त्रास, नंतरचा त्रास म्हणजे चुकीची हालचाल, आणि दोन्हीवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलटे आहेत.

तांबडीमाती
मी पेडण्याचा. मला होऊन बरीच वर्षं झाली. जेवताना डोळ्यातून पाणी येतं ते माझं आहे, हुमण (माशांची आमटी) जेवताना लोकांना वाटतं तिखट झालं. हे असं होऊ शकतं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं, सहा महिन्यांनी सुरू झालं तेव्हा मला वाटलं डोळ्याला वेगळाच काहीतरी आजार झाला, डोळ्याच्या डॉक्टरकडं चकरा झाल्या. मला त्या वेळी जिथं दाखवलं तिथं फुगे फुगवायला आणि च्युइंगम चघळायला सांगितलेलं, जेवढा जोर लावाल तेवढं लवकर बरं होईल म्हणून. आता माझं हसणं डोळ्याला घेऊनच येतं. फुग्यांमुळंच झालं असं मी म्हणत नाही, पण ताई, दादाला जोर लावू देऊ नका.

डिचोलीचो_बाब
माझ्या वडिलांना करंट दिला होता रोज, मशीन लावून. महिन्याभरात तोंड सरळ. त्यामुळं मी तर करंटच सांगेन. आणि वैद्यांकडंही दाखवा, आयुर्वेदात याला अर्दित म्हणतात, हा काही नवीन आजार नाही.

फिजिओ_मडगाव
बाब, वडील बरे झाले याचा आनंद आहे. पण वरचा ७१ टक्क्यांचा आकडा काहीही औषध न घेतलेल्यांचा आहे. इतके लोक आपणहून बरे होत असतील तर त्या दिवसांत जे काही करू त्याला श्रेय मिळतं. करंटनं फायदा होतो असं चाचण्यांतून ठोस दिसलेलं नाही, आणि नस नव्यानं वाढत असताना सगळ्या स्नायूंना एकदम झटका देणं मला पटत नाही. अजून भरपूर ठिकाणी देतात हे माहीत आहे, मी देत नाही. वैद्यांकडं जायला माझी ना नाही, फक्त पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉईड चुकवून जाऊ नये. स्कॉटलंडची २००७ ची मोठी चाचणी आहे, पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी तीन महिन्यांनी ८३ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी ६३.६ टक्के. नऊ महिन्यांनी ९४.४ आणि ८१.६. दादाला वेळेत मिळालंय ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट.

मांडवीकाठ
कशावरून कळतं हा प्रश्न अर्धाच राहिला. वय, शुगर, बीपी यांचा परिणाम होतो का? आणि ती नसेची करंटची टेस्ट असते ना, ती केली तर नक्की सांगता येतं का?

घशातला_डॉक्टर
होतो. सगळ्यात मोठी खूण म्हणजे सुरुवातीला लकवा किती होता ती. त्याच कोपनहेगनच्या पेशंटमध्ये थोडी तरी हालचाल शिल्लक असलेले ९४ टक्के पूर्ण बरे झाले, आणि अजिबात न हलणारे ६१ टक्के. म्हणून पहिल्या आठवड्यातला फोटो, व्हिडिओ जपून ठेवावा, पुढं कुठल्याही डॉक्टरला तो रिपोर्टांपेक्षा जास्त सांगतो. वय वाढलं की आकडा खाली येतो, साठीच्या पुढं तर खूपच. शुगर आणि बीपी असलेल्यांचं थोडं मागं राहतं. कानामागं जबरदस्त दुखणं ही पण चांगली खूण नाही. आणि कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड आले असतील तर तो बेल्स नाहीच, रामसे हंट, नागिणीच्या व्हायरसचा. त्यात स्टेरॉईडबरोबर अँटिव्हायरल लागतं आणि पूर्ण बरं होणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी. कान बघायला लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

टेस्टचं: ती इलेक्ट्रोन्यूरोग्राफी. दोन्ही बाजूंना नसेला हलका झटका देऊन स्नायूचं उत्तर किती येतं ते मोजतात आणि दोन्ही बाजूंची तुलना करतात. पहिल्या दोन आठवड्यांत आजारी बाजूचे ९० टक्क्यांहून जास्त तंतू गेलेले दिसले तर पुढचं कठीण असं धरतात. पण पहिल्या तीन दिवसांत केली तर फसवते, कारण मेलेला तंतूही तेवढे दिवस पुढच्या टोकाला झटक्याला उत्तर देत राहतो. आणि तीन आठवड्यांनंतर तिला फारसा अर्थ उरत नाही. थोडी हालचाल शिल्लक असलेल्याला तर तिची गरजच नाही. दादासाठी ती वेळ गेली, त्याची हुरहूर नको, केली असती तरी उपचार तेच राहिले असते. आता पुढं लागलीच तर सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून करायची तपासणी, नवे तंतू स्नायूपर्यंत पोचतायत का ते डोळ्यांना दिसण्याआधी थोडं त्यात कळतं.

रक्ताच्या साध्या तपासणीतल्या पेशींच्या प्रमाणावरून, किंवा कॉम्प्युटरला सगळी माहिती घालून अंदाज बांधायचेही प्रयत्न चाललेत. एकेका माणसाला तू नक्की बरा होशील, तू नाही, असं सांगण्याइतकं त्यातलं काहीच पक्कं नाही. या घडीला सगळ्यात विश्वासाचं म्हणजे पहिली हालचाल कधी आली, आणि ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं की झालं.

सुरंगी
आणि तीन महिने, चार महिने झाले तरी काहीच नाही आलं तर?

घशातला_डॉक्टर
तीन महिन्यांत पूर्ववत झालं नाही तर परत तज्ज्ञाकडं जायचंच, हा नियम धरा, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कान नाक घसा किंवा न्यूरॉलॉजी विभाग. आणि चार-पाच महिन्यांत अगदी शून्य हालचाल असेल तर तो बेल्स नाही असं समजून एमआरआय करून शोधायला हवं, लाळेच्या ग्रंथीत किंवा नसेवरच गाठ असू शकते. एका दिवसात न होता आठवड्या-आठवड्यानं वाढत गेलेला लकवा, किंवा त्याच बाजूला पुन्हा पुन्हा होणारा, याचाही तसाच तपास. घाबरवायला नाही लिहीत, पण 'होईल हळूहळू' म्हणत वर्ष घालवणारे लोक बघितलेत. स्नायू नसेविना दीड-दोन वर्षांच्या पुढं टिकत नाहीत, दुसरी नस आणून जोडायची शस्त्रक्रिया त्याआधीच करावी लागते. नंतर मांडीतला स्नायू आणून बसवावा लागतो, ते फार मोठं काम.

फिजिओ_मडगाव
ताई, तोपर्यंत करायचं ते सांगते. डोळा सगळ्यात आधी. दिवसभर ड्रॉप्स, रात्री मलम आणि पापणी खाली करून टेप, आणि स्कूटरवर बसताना काच खाली असलेलं हेल्मेट नाहीतर साधा चष्मा तरी, समुद्रावर गेलात तर वाळू उडते तिथं तर हवाच. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं. तोंड वाकडं राहिलं तर जगता येतं, बुबुळावर जखम झाली तर नजर जाते.

जोराचे व्यायाम नकोत. आरशासमोर बसून दोन्ही हातांनी गाल हलकेच चोळायचा, आणि हालचालीचा फक्त विचार करायचा, हळूच प्रयत्न, चांगल्या बाजूला पळू न देता. पंधरवड्यातून एकदा व्हिडिओ काढा: चेहरा शांत, मग भुवया वर, डोळे हलकेच मिटणं, दात दाखवून हसणं, नाक फेंदारणं, ओठांचा चंबू. टोरांटोच्या सनीब्रुक स्केलमध्ये याच हालचालींना मार्क देतात, शंभरातून, आणि त्यात चुकीच्या हालचालीचे मार्क वेगळे कापतात. एक ते सहा पायऱ्यांची हाउस ब्रॅकमनची पद्धत पण आहे, डॉक्टर केसपेपरवर तीच लिहितात, पण छोटा फरक तिच्यात पकडता येत नाही. उजेड आणि जागा दर वेळी तीच ठेवा.

खांडेपारकाठ
(बऱ्याच दिवसांनी लिहितेय.) मंडळी, दिवाळी गेली, मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले, आणि उजव्या ओठाचा कोपरा हलला! आधी मलाच खरं वाटेना, दोन व्हिडिओ शेजारी लावून बघितले तेव्हा वहिनी पण म्हणाली हो. डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या गटातल्या वेळेतच आला तो. त्यानंतर गाल भरला, डोळा प्रयत्न केला तर मिटतो. कपाळ अजून नाही.

पण आता ते दुसरं पण दिसायला लागलंय. ओठांचा चंबू करायला गेला की उजवा डोळा बारीक होतो. इथं वाचलं नसतं तर आम्ही खचलो असतो, आता निदान हे काय आहे ते माहीत आहे. दादा विचारतोय, हे वाढत जाईल का? आणि नाटकाला उभा राहू का?

फिजिओ_मडगाव
किती आनंद झाला सांगू. हो, पुढचे काही महिने ते थोडं वाढू शकतं, नवे तंतू अजून येतायत. म्हणून आताच ट्रेनिंग बदलायचं. आता ताकद नको, वेगळेपणा हवा. चंबू अर्धाच करायचा, जिथं डोळा ओढायला लागतो त्याच्या अगदी आधी थांबायचं, डोळा उघडा ठेवून. रोज थोडा थोडा पुढं. कंटाळवाणं आहे पण मेंदूला नवी सवय लागते. ज्याचा डोळा फारच मिटतो किंवा मान-हनुवटी आवळते त्याला त्या त्या स्नायूत बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचे, बारीक डोस देतात, तीन-चार महिन्यांनी परत द्यावं लागतं. त्याची घाई नको, वर्षभर तरी चित्र बदलत असतं.

नाटकाला अवश्य उभं राहू दे. प, फ, ब, म ही अक्षरं ओठांची, तिथं हवा सुटते, म्हणून तालमीत संवाद थोडे सावकाश. उजवा गाल बोटानं हलका आधार देऊन घरी म्हणायचे, स्टेजवर हात काढायचा. लांब पल्लेदार वाक्य एका श्वासात ओढू नये, दमला की चांगली बाजू जोर करते आणि वाकडेपणा जास्त दिसतो.

तांबडीमाती
आणि दादाला माझ्याकडून सांगा, रंगवलेल्या चेहऱ्यावर शेवटच्या रांगेतून यातलं काही दिसत नाही, मी दशावतारात इतकी वर्षं काम करतोय. हात तोंडावर धरणं मात्र लांबूनही दिसतं.

खांडेपारकाठ
वाचून दाखवलं त्याला. गप्प बसला आधी, मग म्हणाला त्या पेडणेकाराचा नंबर मिळेल का. तांबडीमाती, व्यनि (खाजगी निरोप) बघा. आणि फिजिओताई, अजून एक, जेवताना डोळ्यात पाणी आलं तर त्याच्यावरही काही करता येतं का, की ते तसंच?

फिजिओ_मडगाव
येतं करता. अश्रूंच्या ग्रंथीत बोटॉक्सचा अगदी छोटा डोस देतात, डोळ्याच्या डॉक्टरकडून, त्यानं बऱ्याच जणांचं थांबतं. तांबडीमाती, तुम्ही पण विचारून बघा, इतकी वर्षं झाली असली तरी चालतं.